वेग कोणाचा, मोगरी कोणाच्या हाती?

(जळगाव येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'वेग' असा छापलेला पाहून आपल्यापैकी काहींनी भुवया उंचावल्या, हे मी पाहिले आहे. कापसाचा भाव, केळीचा पीकविमा, पाटाचे पाणी, शिक्षकभरती हे प्रश्न समोर असताना वेगावर तासभर बोलणे ही चैन आहे, असे कोणास वाटले तर त्यास मी दोष देणार नाही. तथापि, वेग हा विषय केवळ शर्यतीच्या मैदानावरचा नाही, तो आपल्या रोजच्या भाकरीशी आणि कित्येकदा रोजच्या मरणाशी जोडलेला आहे, असे माझे मत आहे. ते आपल्यापुढे मांडण्याचा मी प्रयत्न करतो.

आरंभी एक कबुली दिली पाहिजे. वेगाचा मोह मलाही आहे. माझे बालपण धुळ्यात गेले. त्या काळी सायकल तासाच्या भाड्याने मिळत असे. उन्हाळ्याच्या सुट्टीत चौघांनी पैसे गोळा करावयाचे, दोन सायकली घ्यावयाच्या, आग्रा रस्त्याने लळिंगच्या घाटापर्यंत घाम गाळीत चढावयाचे आणि मग पाय पॅडलवरून उचलून उतारावर सायकल सोडून द्यावयाची, हा आमचा खेळ होता. कानांत वारा घुमे, डोळ्यांतून पाणी येई, लळिंगचा किल्ला पाठीमागे पळू लागे. त्या दोन-तीन मिनिटांत आम्ही कोणाची मुले आहोत, घरी काय आहे, काय नाही, याची आठवण उरत नसे. एकदा ब्रेकचे रबर झिजलेले होते, हे उतारावर निम्मे आल्यावर कळले. सायकल बाभळीच्या झुडपात गेली. कोपरावरचा वण अद्याप आहे. भीती वाटली, पण पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा तेथेच होतो.

हे सांगण्याचे कारण असे की, वेगाविषयी उपदेश करणारी पुष्कळ माणसे जणू आपण कधी तरुण नव्हतोच, अशा थाटात बोलतात. मोटारसायकल भरधाव नेणाऱ्या पोराला ती मूर्ख ठरवितात आणि विषय संपवितात. वेगाचा आनंद ही खरी मानवी गोष्ट आहे. ज्याच्या आयुष्यात बाकी सर्व काही थांबलेले आहे, त्याला तर तो अधिकच हवाहवासा वाटतो. म्हणून वेग चांगला की वाईट, हा माझा प्रश्नच नाही. वेगाची मौज कोण घेतो, त्याची किंमत कोण भरतो, आणि तो आवरण्याची सत्ता कोणाच्या हाती असते, हा माझा प्रश्न आहे.

खानदेशातील वेगाची परंपरा

आपला खानदेश हा संथ मुलुख समजला जातो. परंतु येथील लोकांनी वेगाचे किती तऱ्हेचे खेळ निर्माण केले आहेत, ते पाहा.

आखाजीचा झोका घ्या. अक्षय्य तृतीयेला सासुरवाशीण माहेरी येते. निंबाच्या फांदीला दोर बांधले जातात आणि वर्षभर डोक्यावरचा पदर सावरून चालणारी ती मुलगी उभ्याने झोका चढविते. पाळीपाळीने उंच जाण्याची ईर्ष्या असते, गौराईची गाणी असतात, खाली उभ्या असलेल्या मैत्रिणी हसत असतात. वर्षातून एकदा, चार दिवसांपुरता, तिला आपल्या देहाचा वेग अनुभवावयास मिळतो. एरवीच्या जीवनात तिची गती दुसऱ्यांनी ठरविलेली असते. विहीर, चूल, शेत आणि गोठा यांच्यामधल्या फेऱ्या, एवढीच. झोक्यावर मात्र किती उंच जावयाचे आणि केव्हा थांबावयाचे, हे तिचे ती ठरविते. मला तर आखाजीचा झोका हा वेगाचा सर्वांत निष्पाप खेळ वाटतो. त्यात कोणी चिरडला जात नाही.

तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. हे गाव पूर्वी धुळे जिल्ह्यात होते, 1 जुलै 1998 रोजी नवा जिल्हा झाल्यापासून ते नंदुरबारमध्ये आहे. तेथे घोड्यांची धाव पाहण्यास गर्दी लोटते, हे खरे. परंतु जाणकार माणूस घोड्याची रेवाळ चाल पाहतो. या चालीत घोडा झपाट्याने अंतर तोडतो, पण स्वाराला गचका बसत नाही. पाण्याने भरलेला पेला हाती धरला तरी सांडू नये, अशी ती चाल असावी, असे म्हणतात. म्हणजे आपल्या जुन्या अश्वपारख्यांनी नुसत्या वेगाला मोल दिले नाही. वेगात असताना राखलेल्या तोलाला दिले.

याच यात्रांतून पूर्वीपासून 'मौत का कुआँ' येतो. लाकडी फळ्यांच्या उभ्या भिंतीवर मोटारसायकलवाला गरगर फिरतो आणि आपण वरच्या कठड्यावरून श्वास रोखून पाहतो. यात जादू नाही, साधे शास्त्र आहे. ताशी तीस-चाळीस किलोमीटरचा वेग असला की चाक भिंतीला घट्ट दाबले जाते आणि घर्षण त्याला खाली घसरू देत नाही. वेग कमी झाला की माणूस कोसळतो. थांबणे म्हणजे मरणे, असा हा धंदा आहे. वरून कोणी दहाची नोट पुढे केली की तो स्वार एक हात सोडून ती पकडतो आणि आपण टाळ्या वाजवितो. त्याच्या विम्याची चौकशी मात्र आपण कधी करीत नाही. ही प्रतिमा लक्षात ठेवा, मी तिच्याकडे पुन्हा येणार आहे.

आणि मग आपल्या बारागाड्या. खंडेरायाच्या किंवा मरीमातेच्या यात्रेत बारा बैलगाड्या बैलांवाचून एकीमागे एक जोडावयाच्या, त्यांत माणसे खच्चून भरावयाची आणि भगताने त्या ओढावयाच्या, ही प्रथा जळगाव-धुळ्याच्या गावागावांत आहे. येथे चिकित्सा केलीच पाहिजे. एक माणूस बारा गाड्या ओढतो तो अंगात आलेल्या दैवी शक्तीने नव्हे. एकदा चाके फिरू लागली की ती फिरती ठेवण्यास थोडे बळ पुरते, जमिनीचा उतार साह्य करतो आणि अवतीभोवतीच्या लोकांचा रेटा असतो. पराक्रम गावाचा असतो, श्रेय देवाला आणि मान भगताला मिळतो. खरा धोका गाड्यांनी गती घेतल्यानंतर सुरू होतो. बारा गाड्यांच्या त्या माळेला लगाम नाही आणि ब्रेकही नाही. चाकाखाली सापडून माणूस दगावल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. यात्रा शोकात बुडते आणि पुढच्या वर्षी पुन्हा तसेच घडते.

आता याच जळगावातला दुसरा देखावा पाहा. कार्तिकी एकादशीला जुन्या गावातून श्रीरामाचा रथ निघतो. अप्पा महाराजांनी 1872 साली तो सुरू केला. प्रचंड लाकडी रथ, दोरांना लागलेले असंख्य हात, अरुंद गल्ल्या आणि वळणे. आपले लक्ष साहजिकच ओढणाऱ्यांकडे आणि रथावरच्या मूर्तीकडे असते. मी मात्र आपणास चाकांजवळच्या माणसांकडे पाहावयास सांगेन. त्यांच्या हाती लाकडाची मोगरी असते. रथ चालत असताना ते चाकासोबत वाकून चालतात आणि नेमक्या क्षणी मोगरी चाकाखाली सरकवितात. तिच्यामुळे रथ थांबतो, वळतो, गर्दीपासून दूर राहतो. ओढण्यास उत्साह लागतो, तो गर्दीजवळ मुबलक असतो. मोगरी लावण्यास मात्र डोळा, धैर्य आणि जबाबदारी लागते. भिलपुऱ्यात लालशा बाबांच्या समाधीजवळ रथ थांबतो आणि तेथे फुलांची चादर वाहिली जाते. हिंदूंचा रथ मुसलमान संताच्या दारी थांबतो तो मोगरीमुळे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. जो रथ थांबू शकतो, तोच दुसऱ्याला नमस्कार करू शकतो.

बारागाड्या आणि रामरथ, दोन्ही श्रद्धेचेच खेळ. एकात वेग आहे, त्याला आवर नाही. दुसऱ्यात वेगाबरोबर मोगरी आहे. आपल्या आजच्या समाजाची गाडी यांपैकी कोणत्या जातीची आहे, हे आता तपासू.

1909 सालचे दोन जाहीरनामे

त्याआधी थोडे जगाकडे पाहू. 20 फेब्रुवारी 1909 रोजी पॅरिसच्या 'फिगारो' या दैनिकात मारिनेत्ती या इटालियन कवीने एक जाहीरनामा प्रसिद्ध केला. वेग हेच नव्या जगाचे सौंदर्य आहे, धावती मोटार ही प्राचीन ग्रीक शिल्पाहून सुंदर आहे, असा त्याचा दावा होता. त्याच जाहीरनाम्यात त्याने युद्धाचे गोडवे गाइले होते आणि स्त्रियांविषयी तुच्छता व्यक्त केली होती. हा कवी पुढे मुसोलिनीच्या गोटात गेला, याचे म्हणूनच आश्चर्य वाटावयास नको. वेगाला एकदा देव केले की वाटेत येणारा दुबळा माणूस अडगळ ठरतो.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेकडे जाणाऱ्या बोटीवर गांधीजींनी 'हिंद स्वराज्य' लिहून काढले. त्यात त्यांनी रेल्वेवर कठोर टीका केली. पण हेच गांधीजी पुढे आयुष्यभर रेल्वेने फिरले, आणि फिरले ते तिसऱ्या वर्गातून. 1917 साली तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांच्या हालांवर त्यांनी स्वतंत्र पुस्तिका लिहिली. काहींना यात विसंगती दिसते. मला त्यात शहाणपण दिसते. यंत्राच्या वेगाने दिपून जावयाचे नाही, आणि तो वेग आला आहे तर त्यात सर्वांत मागे बसलेल्या माणसाची अवस्था काय आहे, हे त्याच्याशेजारी बसून पाहावयाचे. समाजवाद्यांची वेगाकडे पाहण्याची दृष्टीही हीच असावयास हवी.

किंमत कोण भरतो?

प्रथम मुक्या प्राण्याची गोष्ट. बैलगाड्यांच्या शर्यतीवर सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी बंदी घातली. महाराष्ट्राने 2017 साली कायद्यात दुरुस्ती केली, 16 डिसेंबर 2021 रोजी न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने तो कायदा ग्राह्य ठरविला. शेतकऱ्याचे बैलावरचे प्रेम मी जाणतो, पोळ्याला त्याच्या डोळ्यांत पाणी येते तेही पाहिले आहे. परंतु शर्यतीत रोमांच मालकाचा आणि चाबूक बैलाचा, ही वाटणी न्याय्य नाही. चाबूक, टोचणी, विजेचा धक्का यांवाचून शर्यत होत असेल तर ती जरूर व्हावी. आणि तशी होत नसेल, तर आपल्याच कार्यकर्त्याने ती थांबविण्यास उभे राहावे, मग गावात दोन मते कमी पडली तरी चालतील.

बैलाबद्दल जे म्हणालो, तेच आता माणसाबद्दल म्हणावे लागत आहे. 15 फेब्रुवारी 2021 ची पहाट आठवा. पपईने भरलेला ट्रक रावेरच्या बाजूस निघाला होता. यावल तालुक्यात किनगावजवळ तो उलटला. पपईच्या ढिगावर फळतोडणीचे मजूर बसलेले होते, त्यांत बाया होत्या, लेकरे होती. किमान पंधरा जण त्या फळांखाली दबून मेले. साथींनो, पपईला क्रेट मिळतात, गवताचे अंथरूण मिळते, कारण तिच्यावर डाग पडला तर भाव पडतो. ती तोडणाऱ्या बाईला बसावयास मात्र फळांच्या डोक्यावर जागा असते. या देशात मालाची वाहतूक होते, आणि मजूर मालाबरोबर वाहून नेले जातात.

4 जुलै 2023 रोजी शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ, मुंबई-आग्रा मार्गावर, एका मालवाहू कंटेनरचे ब्रेक निकामी झाले. उतारावरून आलेल्या त्या धुडाने वाटेतील वाहनांना उडविले आणि रस्त्याकडेच्या हॉटेलात ते घुसले. किमान दहा माणसे मेली. लळिंगच्या उतारावर माझ्या सायकलीचे रबर झिजले होते तेव्हा फुटला तो माझा कोपर. पळासनेरला ब्रेक गेला एका वाहनाचा आणि जीव गेला रस्त्याकडेला उभ्या असलेल्यांचा. ज्याने वेग निवडलेलाच नाही, त्याच्या वाट्याला मरण आले.

हे केवळ दोन प्रसंग नव्हेत. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे 2022 या एका वर्षात देशात 1,68,491 माणसे रस्त्यांवर मेली, त्यांपैकी 15,224 महाराष्ट्रात. एकूण मृत्यूंपैकी 71 टक्के मृत्यूंच्या पुढे 'अतिवेग' हे कारण नोंदलेले आहे. मेलेल्यांमध्ये दुचाकीवरचे 44 टक्क्यांहून अधिक आणि पायी चालणारे सुमारे 19 टक्के होते. म्हणजे दर पाच मृतांपैकी तिघे एक तर दुचाकीवर होते, नाही तर पायी. शास्त्र सांगते की वेग दुप्पट झाला तर आघाताची शक्ती चौपट होते. ही चौपट शक्ती ज्याच्याभोवती पोलादाचा पिंजरा आहे त्याला क्वचित लागते. ज्याच्याभोवती फक्त सदरा आहे, त्याला लागते.

'अतिवेग' या शब्दावर मात्र मी क्षणभर थांबेन. अहवालात हा शब्द लिहिला की दोष चालकावर जातो आणि फाइल बंद होते. चालक का पळवितो, हे कोणी विचारीत नाही. रावेर, यावल, सावदा भागातील केळी उत्तरेच्या बाजारांत जातात. केळे हा नाशवंत माल. झाडावरून उतरले की त्याचे घड्याळ सुरू होते. सावद्याच्या बाजूच्या एका चालकाशी मी एका ढाब्यावर बोललो होतो. तो म्हणाला, "भाऊ, माल पिकला तर भाडं कापतात, मी झोपलो तर कोणी विचारत नाही." या एका वाक्यात वेगाचे सगळे अर्थशास्त्र आहे. उशीर झाला तर दंड त्याला, अपघात झाला तर गुन्हा त्याच्यावर, आणि वेळेवर पोचला तर नफा दुसऱ्याला. मोटार वाहतूक कामगारांसाठी 1961 सालचा कायदा होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, अशी कामाची मर्यादा त्यात घातलेली होती. तो कायदा म्हणजे मोगरीच होती. ती चाकाखाली कोणी सरकविली नाही, एवढेच.

आपली पोरे पुण्याला, सुरतेला पोटासाठी जातात. 2021 नंतर मोठ्या शहरांतून 'दहा मिनिटांत घरपोच' अशा जाहिराती झळकू लागल्या. पाठीवर पिशवी बांधून मोटारसायकल हाणणारा तो मुलगा कदाचित अमळनेरचा असेल, साक्रीचा असेल. त्याला पाहिले की मला यात्रेतला तो लाकडी कुआँ आठवतो. थांबला तर कोसळेल, अशा भिंतीवर त्याला फिरत ठेवलेले आहे. वरून नोट पुढे करणारे आपण आहोत.

वेगाचे वाटप

संपत्तीप्रमाणे वेगाचेही वाटप विषम असते. पाचोरा ते जामनेर ही अरुंद मापाची छोटी रेल्वे आपण सर्वांनी पाहिली आहे, 'पीजे' म्हणूनच ती ओळखली जाई. 56 किलोमीटरचा मार्ग. गाडी इतकी सावकाश चाले की तिच्या वेगाची थट्टा होई. पण दूधवाला, भाजीवाली, शाळकरी पोर आणि बाळंतिणीला पाहावयास निघालेली म्हातारी त्याच गाडीने जात. 2020 साली ती थांबली. मार्ग रुंद करण्याची योजना मंजूर झाली, ती चांगलीच गोष्ट आहे. पण मधल्या वर्षांत त्या गावांतल्या माणसाने काय करावयाचे, हे ठरविताना त्याला कोणी विचारले नाही. दुसरीकडे, मुंबई-अहमदाबाद या 508 किलोमीटरच्या बुलेट ट्रेनची पायाभरणी 14 सप्टेंबर 2017 रोजी झाली तेव्हा तिचा अंदाजित खर्च एक लाख कोटी रुपयांहून अधिक होता. काही थोड्यांचे तास वाचविण्यासाठी एवढी रक्कम उभी राहते. पुष्कळांचे दिवस वाया जातात, त्याचा हिशेब मात्र कोणत्याच अंदाजपत्रकात नसतो.

22 जानेवारी 2025 ची घटना तर आपल्या डोळ्यांसमोरची. पाचोऱ्याजवळ परधाडे येथे लखनौहून मुंबईकडे येणाऱ्या पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली. गाडी थांबताच घाबरलेली माणसे रुळावर उतरली आणि शेजारच्या रुळावरून भरधाव येणाऱ्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडली. किमान बारा जण गेले. मुंबईकडे पोटापाण्यासाठी निघालेले उत्तर प्रदेशाचे आणि नेपाळचे लोक त्यांत होते. वेगात असलेली आगगाडी पाहताक्षणी थांबू शकत नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. पण ठासून भरलेल्या डब्यात एक आवई उठते आणि खरे काय ते कळण्याआधी माणसे मरणाकडे उडी घेतात, ही गर्दी कोणी निर्माण केली? गाड्यांचे वेग वाढत आहेत, साध्या डब्यांतली जागा मात्र त्या प्रमाणात वाढत नाही.

इव्हान इलिच या विचारवंताने 1974 साली 'ऊर्जा आणि समता' या विषयावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्याने हिशेब मांडला की अमेरिकन माणूस मोटारीत बसून, आणि मोटारीचे हप्ते, पेट्रोल, विमा यांसाठी राबून वर्षाला सोळाशे तास घालवितो आणि साडेसात हजार मैल जातो. भागाकार करा, तासाला पाच मैलही पडत नाहीत! म्हणजे जवळजवळ पायी चालण्याचाच वेग. त्याचे म्हणणे असे की, एका मर्यादेपलीकडे वेग वाढला की तो काहींचाच वेळ वाचवितो आणि उरलेल्यांचा हिरावून घेतो. सायकलच्या वेगापर्यंत मात्र समता टिकते. त्याचे सगळे निष्कर्ष मी स्वीकारीत नाही. साप चावलेल्या माणसाला सातपुड्याच्या पाड्यावरून चोपड्याच्या रुग्णालयात आणावयाचे तर सायकल पुरणार नाही, तेथे वेग हवाच. पण त्याचा हिशेब आपल्याकडच्या हप्त्याने मोटारसायकल घेणाऱ्या तरुणाने जरूर करून पाहावा.

आणि वेगाचे न्याय्य वाटप कसे असते, तेही आपल्याकडे पाहावयास मिळते. मानव विकास कार्यक्रमातून राज्याच्या मागास तालुक्यांतील शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या. 17 मार्च 2023 पासून एस.टी.त स्त्रियांना निम्मे भाडे झाले. सकाळी सायकलींवरून वेण्या उडवीत शाळेकडे निघालेल्या मुलींची रांग पाहिली की मला आखाजीचा झोका आठवतो. त्यांच्या आजीला जो वेग वर्षातून चार दिवस मिळत होता, तो त्यांना रोज मिळतो आहे, आणि त्याचा ब्रेक त्यांच्याच हाती आहे.

मोगरी लावणारे हात

मग करावयाचे काय? हे सारे अटळ आहे, असे म्हणणाऱ्यांना मी हॉलंडचे उदाहरण देतो. 1971 साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेथील आईबाप रस्त्यांवर उतरले. 'बालहत्या थांबवा' असे आपल्या आंदोलनाचे नावच त्यांनी ठेवले. त्यांनी रस्ते अडविले, मुलांना रस्त्यावर खेळावयास बसविले आणि सरकारला नमविले. आज सायकलींचा देश म्हणून आपण त्याचे कौतुक करतो, ते हवामानाचे किंवा स्वभावाचे फळ नव्हे. ते लढ्याचे फळ आहे. जळगाव शहराच्या मधोमध जाणाऱ्या महामार्गालगत समांतर रस्ते व्हावेत म्हणून येथील नागरिकांनी वर्षानुवर्षे जी आंदोलने केली, ती याच जातीची होती. आपण त्यांत किती होतो, हे ज्याचे त्याने आठवावे.

माझ्या सूचना थोड्या आहेत. फळतोडणीचा मजूर मालावर बसून जाणार नाही. त्याच्या जाण्यायेण्याच्या स्वतंत्र वाहनाचा खर्च माल उचलणाऱ्याने द्यावा, ही मागणी बागायती पट्ट्यात प्रत्येक मजूरसभेत मांडा. चालकांचे कामाचे तास कायद्याप्रमाणे मोजले जावेत म्हणून कामगार कार्यालयावर धडका. ज्या गावावरून महामार्ग जातो, तेथील बायामाणसांना रस्ता ओलांडण्याची सोय मिळेपर्यंत गप्प बसू नका. बारागाड्यांच्या पंचांशी भांडू नका, बोला. रथाला मोगरी असते तर गाड्यांना का नसावी, एवढेच विचारा.

आणि शेवटची गोष्ट आपल्या स्वतःविषयीची. ती बोलल्यावाचून मला बसता येणार नाही. आपल्या मोर्च्यांना, मेळाव्यांना माणसे कशी येतात? ट्रकमध्ये उभी राहून, टेम्पोच्या टपावर बसून येतात. मीच कितीतरी वेळा अशा गाड्या भरून रवाना केल्या आहेत, "जरा दाबा, सभेची वेळ झाली" असे चालकाला सांगितले आहे, आणि गाड्या वेळेवर पोचल्या म्हणून समाधान मानले आहे. किनगावची बातमी वाचल्यानंतर त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या व्यापाऱ्यात आणि माझ्यात अंतर होते ते केवळ दैवाचे होते. त्याच्या गाडीत पपई होती, माझ्या गाडीत घोषणा होत्या. वर बसलेला माणूस तोच होता.

तेव्हा पुढच्या मोर्च्यापासून एक नियम करू. माणसे एस.टी.ने येतील, रेल्वेने येतील, जवळची पायी येतील. मालगाडीच्या डोक्यावर बसून कोणी येणार नाही. त्यामुळे मोर्च्यात शे-दोनशे माणसे कमी दिसली तर दिसू देत. सभा तासभर उशिरा सुरू झाली तरी हरकत नाही. इतिहासाचा रथ ओढण्याची आपली हौस मोठी आहे आणि ती असावी. पण दोराला हात लावणाऱ्यांची वाण आपल्यात कधीच नव्हती. वाण आहे ती चाकाजवळ वाकून मोगरी धरणाऱ्यांची. त्या जागेकडे कोणी पाहत नाही, तेथे हार पडत नाहीत. ती जागा आपण घेऊ या.